बर्फाच्या सहलीची गाडी ठरवताना



दिवाळी संपली, गटाचे हिशेब जुळले, की पुढच्या एक-दोन बैठकांत सहलीचा विषय हमखास निघतो. पूर्वी आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडच्या गटांच्या सहली ठरलेल्या असायच्या. अष्टविनायक, शिर्डी, गणपतीपुळे, फार तर महाबळेश्वर. आता बऱ्याच जणी म्हणतात, "ताई, एकदा तरी खरा बर्फ बघायचाय. मॉलमधला नको, डोंगरावरचा." मग महिन्याला पाचशे-हजार बाजूला टाकून सहलीची भिशी लागते आणि डिसेंबर-जानेवारीत मनालीचा बेत ठरतो. सोलंगच्या उतारावर जायचं, बर्फात लोळायचं, जमलं तर पायाला पट्ट्या बांधून स्कीइंगसुद्धा करून बघायचं.

स्वेटर कुठून घ्यायचे, खाऊ काय न्यायचा, हॉटेल कसलं, यावर आपण तास-तासभर बोलतो. गाडीचा विषय आला की मात्र "ते ह्यांना विचारते", "माझा दीर बघेल", "ओळखीचा आहे एक जण" असं म्हणून मोकळ्या होतो. आज मला त्या गाडीबद्दलच बोलायचंय. पैसे आपल्या भिशीचे, गाडीत बसणार आपण, तर गाडीही आपणच ठरवायला हवी. त्यासाठी इंजिन उघडता यावं लागत नाही. गटासाठी शिलाई मशीन किंवा पिठाची गिरणी घेताना आपण तीन ठिकाणची कोटेशनं मागवतो, अटी विचारतो, ठराव लिहितो. गाडीलाही तेच करायचं. फक्त काय विचारायचं, ते माहीत हवं.

पहिली गोष्ट म्हणजे पूर्ण प्रवासाला एकच गाडी हवी, हा हट्ट सोडायचा.

आपला रस्ता तीन तुकड्यांचा आहे. पहिला तुकडा कल्याण ते दिल्ली आणि पुढे चंदीगड. हा रेल्वेने करावा. काही जणी म्हणतात, "आपल्याच ओळखीच्या ड्रायव्हरची टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन इथूनच जाऊ." ठाण्याहून मनाली जवळजवळ दोन हजार किलोमीटर आहे. एवढं अंतर एकाच माणसाने चालवायचं आणि शेवटी, तो सगळ्यात दमलेला असताना, सगळ्यात अवघड रस्ता यायचा. आपला ड्रायव्हर कसारा घाटात पट्टीचा असेल, माळशेजच्या धुक्यात डोळे मिटून चालवत असेल, पण पावसाचा घाट वेगळा आणि गोठलेला घाट वेगळा.

दुसरा तुकडा चंदीगड ते मनाली. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, मंडी आणि कुल्लूवरून, बराचसा बियास नदीच्या कडेने. हा डोंगरातला रस्ता आहे, पण रोज बर्फाचा नसतो. इथे बारा-चौदा जणींना टेम्पो ट्रॅव्हलर चांगली. सहा-सात जणी असाल तर इनोव्हासारखी गाडी. २०२३च्या जुलैमधल्या पुरात याच रस्त्याचे मोठे भाग नदीने ओढून नेले होते. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी रस्ता सुरू आहे का, ही चौकशी गाडीवाल्याकडे आणि हॉटेलमध्ये, दोन्हीकडे करायची.

तिसरा तुकडा सगळ्यात लहान. मनाली ते सोलंग, जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर. डोंबिवलीहून ठाण्याला जाण्याएवढंही अंतर नाही. पण सगळी मेख इथे आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर म्हणजे कळसूबाई, १,६४६ मीटर. मनाली गावच कळसूबाईपेक्षा उंच आहे, दोन हजार मीटरच्या आसपास. सोलंग त्याहून उंच, अडीच हजार मीटरच्या जवळ. त्याच्या पुढे अटल बोगदा आहे, नऊ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला, आणि त्याची दोन्ही तोंडं तीन हजार मीटरच्या वर आहेत. बर्फ पडला की मनालीच्या पुढे पोलीस साध्या गाड्या अडवतात आणि फोर बाय फोर गाड्यांनाच पुढे सोडतात. कुठपर्यंत सोडायचं, ते त्या दिवशीच्या बर्फावर ठरतं. काश्मीरमध्ये गुलमर्गलाही तसंच आहे. खाली तंगमर्गला गाडी थांबते आणि वरच्या रस्त्याला साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच लागते.

म्हणून या शेवटच्या तुकड्यासाठी तिथलीच गाडी आणि तिथलाच ड्रायव्हर घ्यायचा. आपली मोठी गाडी मनालीला हॉटेलवर उभी करायची. हा खर्च ऐन वेळी अंगावर येतो असं वाटतं, पण तो आधीच धरलेला असला की चिडचिड होत नाही. बाहेरच्या गाडीने आपल्या भागात पर्यटक फिरवायला तिथल्या टॅक्सीवाल्यांचा विरोध असतो, हेही एक कारण आहेच.

आता हे फोर बाय फोर, साखळी वगैरे काय असतं, ते सोप्या शब्दांत सांगते.

पावसाळ्यात चाळीच्या मोरीजवळची शेवाळलेली लादी आठवा. त्यावर चालताना आपण काय करतो? पाऊल लहान टाकतो, एकदम वळत नाही, एकदम थांबत नाही. आणि तळ घासलेली चप्पल असेल तर ती काढूनच ठेवतो. गाडीचंही तेच. टायर ही गाडीची चप्पल. तिची नक्षी घासलेली असेल तर गाडी कितीही नवी आणि चकचकीत असो, उपयोग नाही. कायद्याने नक्षीची खोली कमीत कमी १.६ मिलिमीटर लागते. पण ती कोरड्या रस्त्यावरची शेवटची मर्यादा समजा. बर्फाला नक्षी चांगली खोल हवी. टायरच्या खाचांमध्ये लहान-लहान उंचवटे दिलेले असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आलेली दिसली, तर टायर संपला.

गाडी पुढे जाते ती इंजिन चाकं फिरवतं म्हणून. काही गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांना मिळते, जशी अर्टिगा किंवा आपल्या लहान गाड्या. काहींत मागच्या दोन चाकांना, जशी टेम्पो ट्रॅव्हलर, इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद. एक चाक घसरलं तरी बाकीची ओढतात. जिप्सी, जिम्नी या अशा गाड्या. थार मात्र दोन्ही प्रकारांत मिळते, तेव्हा नुसतं नाव ऐकून समजू नका. "ही फोर बाय फोर आहे का?" असं स्पष्ट विचारा.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फोर बाय फोरमुळे गाडीला चढायला मदत होते, थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतो. गोठलेल्या उतारावर फोर बाय फोरही तशीच घसरते. म्हणून जो ड्रायव्हर म्हणेल, "फोर बाय फोर आहे, काही होत नाही," त्याच्यापेक्षा जो म्हणेल, "हळू जाऊ, साखळी लावू," त्याच्या गाडीत बसा.

साखळी म्हणजे टायरभोवती गुंडाळायची लोखंडी जाळी. ती बर्फात रुतते आणि पकड देते. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते, त्यांना ती लावावीच लागते. साखळी लावून तीस-चाळीसच्या वर वेग न्यायचा नसतो. "साखळी आहे" असं सगळेच सांगतात. ती त्या टायरच्या मापाची आहे का आणि लावता येते का, हे विचारा. जमलं तर मनालीतच एकदा लावून दाखवायला सांगा.

स्वच्छ दिसणाऱ्या रस्त्यालाही फसू नका. रात्री वितळलेलं पाणी गोठून डांबरावर काचेसारखा पातळ थर बसतो. तो दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. सावलीतली वळणं आणि पूल इथे तो जास्त असतो. म्हणून बर्फाच्या भागात भल्या पहाटे निघायचं नाही आणि अंधार पडेपर्यंत थांबायचं नाही. ऊन वर आल्यावर जायचं, तीन-चारला खाली यायला लागायचं.

आता जागेचा हिशेब. सात सीटच्या गाडीत सात जणी बसल्या की मागे सामानाला जागाच उरत नाही. मग बॅगा टपावर चढतात. टपावर वजन गेलं की गाडी वळणावर जास्त कलते. त्यात थंडीचे कपडे म्हणजे एकेकीची बॅग दुप्पट. म्हणून सात सीटला पाच जणी, सतरा सीटला बारा-तेरा जणी, असा हिशेब धरा. स्कीच्या लांब पट्ट्या, बूट, काठ्या हे सगळं सोलंगला भाड्याने मिळतं, इथून काही न्यायचं नाही. ज्या मुलींना खरंच स्कीइंग शिकायचं असेल, त्यांच्यासाठी मनालीला अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाची सरकारी गिर्यारोहण आणि क्रीडा संस्था आहे. ती हिवाळ्यात स्कीइंगचे अभ्यासक्रम घेते.

आता कागदपत्रांकडे येऊ. इथे आपण गटातल्या बायका पक्क्या आहोत, पासबुक बघितल्याशिवाय आपण कुणाचं ऐकत नाही.

आधी नंबर प्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याने चालवायचा परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतो ती. विजेवरच्या गाडीची पाटी हिरवी असते, आणि ती भाड्याची असेल तर अक्षरं पिवळी. "पांढऱ्या पाटीची घ्या, तीन हजार कमी लागतील," असं कुणी सांगितलं तर साफ नाही म्हणा. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. तीन हजार वाचवून आयुष्यभराचं दुखणं घ्यायचं नाही.

मग गाडीचा नंबर मागून घ्या आणि मोबाईलवर एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये टाका. विमा कधी संपतो, फिटनेस कधीपर्यंत आहे, पीयूसी आहे का, ते दिसतं. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. आपली सहल संपेपर्यंतची तारीख आहे ना, एवढं बघायचं. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाडीला पर्यटक परवाना लागतो, त्याचा फोटो मागवायचा. गाडीवाला नंबरच द्यायला तयार नसेल, "तिथे गेल्यावर कळेल" म्हणत असेल, तर त्याच्याकडून गाडी घ्यायची नाही.

आता भाव. फोनवर सांगितलेला आकडा हा भाव नसतो. समजा, तुम्ही बारा जणी आहात. एकाने अठ्ठेचाळीस हजार सांगितले, दुसऱ्याने चौपन्न. हे आकडे मी हिशेब समजावा म्हणून घेतलेत. सगळ्या म्हणतील, पहिला स्वस्त. पण पहिल्याच्या भावात टोल, राज्याचा कर, पार्किंग नाही, ते साडेपाच हजार. ड्रायव्हरचा भत्ता नाही, पाच दिवसांचे अडीच हजार. झाले छप्पन्न. दुसऱ्याच्या चौपन्नमध्ये हे सगळं आलेलं होतं. म्हणजे पहिला माणशी ४,६६७ रुपयांना पडला आणि दुसरा ४,५०० रुपयांना. म्हणून वहीत रकाने आखा. टोल, कर, पार्किंग, भत्ता, ड्रायव्हरची राहण्याची सोय, जादा किलोमीटरचा दर. तिन्ही गाडीवाल्यांना तेच प्रश्न विचारा आणि मग बेरीज करा.

त्यात आणखी तीन रकाने घाला. एक, बर्फामुळे रस्ता बंद होऊन एक दिवस जास्त राहावं लागलं, तर त्या दिवसाचे किती? दोन, सोलंगसाठी तिथली गाडी घेतली, तर आपली गाडी उभी असलेल्या दिवसाचे किती? तीन, घाटात हीटर आणि एसी चालू ठेवणार का? "घाटात एसी बंद" ही अट आपल्याला नेहमीची आहे. पण थंडीत आत दहा जणींच्या श्वासाने काच धुरकट होते. ती साफ ठेवायला तो वारा लागतो. ड्रायव्हर एका हाताने फडक्याने काच पुसतोय आणि दुसऱ्या हाताने वळण घेतोय, असं चालणार नाही.

ड्रायव्हरचाही विचार करा. तोही कुणाचा तरी मुलगा, नवरा आहे. दिवसाला आठ तासांवर त्याच्याकडून गाडी चालवून घ्यायची नाही, मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायची, आणि त्याची झोपायची सोय गाडीत नको, खोलीत हवी. उणे तापमानात गाडीत झोपलेला माणूस सकाळी आपल्याला घाटातून नेणार आहे, हे विसरू नका.

आणि अडकलोच तर? २०२४च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगद्याच्या दरम्यान अचानक बर्फ पडला आणि शेकडो गाड्या अडकल्या. पोलिसांनी रात्रभर खपून लोकांना बाहेर काढलं. २०२२च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावाजवळ मात्र बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली. थंडी होतीच, पण बंद गाडीत इंजिन चालू ठेवल्याने साठणारा विषारी वायूही होता. गाडीची धूर सोडायची नळी बर्फाखाली गेली की तो धूर आत शिरतो. त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. म्हणून अडकलात तर आधी ती नळी मोकळी करा, काच बोटभर उघडी ठेवा, इंजिन सतत चालू ठेवू नका, दर तासाला थोडा वेळ लावा. बंद खोलीत किंवा गाडीत कोळशाची शेगडीही ठेवायची नाही, तिचंही तसंच. गाडीत प्रत्येकीला एक पांघरूण, पाणी, चिवडा, लाडू, खजूर, बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक आणि रोजच्या गोळ्या हाताशी असू द्या, टपावरच्या बॅगेत नको. मदतीचा नंबर देशभर एकच आहे, ११२.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. "थांबा" कोण म्हणणार?

आमच्या भागातल्या एका गटाने जाण्याआधी रजिस्टरमध्ये ठराव लिहिला होता. रात्री घाटातून प्रवास नाही, पडत्या बर्फात वर जायचं नाही, आणि याबाबत गटाच्या अध्यक्षताईंचा शब्द शेवटचा. त्या ताई पोळी-भाजीचं केंद्र चालवतात. मनालीला दुपारी बर्फ भुरभुरायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, "काही नाही होत मॅडम, मी रोज जातो, लोकल गाडीचे पैसे कशाला घालवता?" दोघी-तिघींनाही वाटलं, पैसे वाचतायत तर जाऊ. अध्यक्षताईंनी मोबाईलमधला ठरावाचा फोटो काढून दाखवला आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं बरोबर असेल. पण आमचं असं ठरलंय." त्या दिवशी त्या हॉटेलवर राहिल्या. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर तिथल्या गाड्या करून सोलंगला गेल्या. माणशी काहीशे रुपये जास्त गेले. एक दिवस फुकट गेला, असं अजूनही दोघी म्हणतात.

त्या दिवशी वर गेल्या असत्या तर काही झालं असतं का? कदाचित काहीच नाही. सावधगिरीचा हिशेब कधी वहीत मांडता येत नाही, जे घडलं नाही त्याची पावती मिळत नाही. पण मला त्या ताईंचं वाक्य फार आवडतं. "आमचं असं ठरलंय." त्यात भांडण नाही, ड्रायव्हरचा अपमान नाही, आणि एकट्या बाईवर जबाबदारीही नाही. तिच्या पाठीशी बारा सह्या आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणींना गाडीत भीती वाटत असते, पण "हळू चालवा" म्हणायलाही संकोच वाटतो. कुणी हसेल, कुणी म्हणेल बायकांना काय कळतंय. ठराव लिहिलेला असला की तो संकोच जातो.

तेव्हा पुढच्या बैठकीत एक काम करा. सहलीच्या पानावर आधी ठराव लिहा, मग रकाने आखा आणि तीन गाडीवाल्यांना फोन करा. फोन तुम्ही स्वतः करा. घरच्यांना जरूर विचारा, त्यांचा अनुभव घ्या, पण सही तुमची असू द्या.

बर्फ बघून या, भरपूर खेळा आणि सगळ्या जणी सुखरूप घरी या.